दृष्टांत : दोन मार्कांच्या शब्दाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजच्या भागाचं निमित्त आहे माझी भाची. मराठीच्या पेपरच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. "मामा, दृष्टांत आणि अर्थांतरन्यास यांत फरक काय? लवकर सांग, अजून वृत्तं राहिलीत."

मी तिला आपली सगळ्यांची पाठ असलेली युक्ती सांगितली. 'जणू', 'गमे', 'वाटे' असं काही दिसलं की उत्प्रेक्षा. 'सारखा', 'समान', 'जसा' दिसलं की उपमा. दृष्टांतात असा जोडणारा शब्द नसतो, दोन गोष्टी नुसत्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. आणि त्यातली एक गोष्ट सर्वसामान्य सत्य सांगणारी असली, दुसरी एखाद्या विशिष्ट प्रसंगाची असली, तर अर्थांतरन्यास. झालं. दोन मार्क खिशात.

तिने लिहून घेतलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पण मामा, पणजी म्हणायची ना, खंडोबाने तिला दृष्टांत दिला. स्वप्नात येऊन. तो हाच दृष्टांत का?"

मी म्हणालो, "तो वेगळा." आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. खरंच वेगळा का? आणि समजा वेगळा असला, तरी एकच शब्द देवळात, तर्कशास्त्रात, कवितेत आणि प्रश्नपत्रिकेत कसा काय फिरतोय? मग पुस्तकं काढून बसलो. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो. त्यात माझ्या आजीचीही एक गोष्ट आहे, ती ओघात येईल.

स्वयंपाकघरातला धूर

आधी शब्द फोडू. दृष्ट अधिक अंत. दृष्ट म्हणजे पाहिलेलं. अंत म्हणजे शेवट, पण इथे निर्णय, निष्कर्ष या अर्थाने. 'सिद्धांत' या शब्दात आहे ना, तोच अंत. सिद्धांत म्हणजे जिथे सिद्ध करून पोचलो ते ठिकाण. दृष्टांत म्हणजे जिथे पाहून पोचलो ते. एवढ्यावरूनच आजीचा खंडोबा फार लांबचा नाही हे लक्षात येतं. देवाने स्वप्नात काहीतरी 'दाखवलं', म्हणजे वाद घालून पटवलं नाही.

आता हा शब्द पहिल्यांदा रुबाबात बसलेला दिसतो तो कवितेच्या दरबारात नाही, तर्काच्या दरबारात. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रं, अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेली. अगदी पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी येते. पदार्थ म्हणजे खायचे नव्हेत, विचाराला लागणारे विषय. प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन, आणि पाचवा दृष्टांत.

पुढे त्याची व्याख्या दिलीय, आणि ती वाचून मी अक्षरशः पुस्तक मिटून बसलो. माझ्या शब्दांत सांगतो. साध्या माणसाची आणि जाणकार माणसाची समजूत ज्या गोष्टीबद्दल सारखी असते, ती गोष्ट म्हणजे दृष्टांत.

विचार करा. सजावट नाही, सौंदर्य नाही. शिकलेला आणि न शिकलेला हे दोघे ज्या एका जागेवर बरोबरीने उभे राहू शकतात, त्या जागेचं नाव दृष्टांत.

याचं नेहमीचं उदाहरण आहे डोंगरावरच्या आगीचं. नैयायिक पाच पायऱ्यांनी बोलतात. पहिली, डोंगरावर आग आहे. दुसरी, कारण तिथे धूर दिसतोय. तिसरी, जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. चौथी, या डोंगरावरही तसाच धूर आहे. पाचवी, म्हणून तिथे आग आहे. या पायऱ्यांची नावं अनुक्रमे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन.

तिसऱ्या पायरीवरचं स्वयंपाकघर बघितलंत? संस्कृतात 'महानस'. एवढे मोठमोठे पंडित, पण सगळ्या वादाचा पाया कुठे घातला, तर चुलीपाशी. कारण चुलीतला धूर पंडितानेही पाहिलाय आणि त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईनेही पाहिलाय. त्याबद्दल दोघांचं दुमत होऊच शकत नाही.

आणि चौथी पायरी लक्षात ठेवा. उपनय. 'इथेही तसंच आहे' असं म्हणण्याची पायरी. आपली आजची सगळी गोष्ट या चौथ्या पायरीवर अडकलेली आहे.

काश्मीरमध्ये नाव बदललं

तर्कातला हा शब्द कवितेत कसा आला? अलंकारांचा इतिहास बघितला तर सुरुवातीला त्यांची संख्या फारच थोडी होती. भरताच्या नाट्यशास्त्रात फक्त 4 अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. दृष्टांत त्यात नाही. पुढे यादी वाढत गेली, आणि सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंद' या ग्रंथापर्यंत ती शंभराच्या वर गेली. मुलांचे हाल तेव्हापासूनचे आहेत म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात, आठव्या शतकाच्या शेवटाकडे, काश्मीरमध्ये उद्भट नावाचा आचार्य होता. जयापीड राजाच्या सभेचा प्रमुख. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त त्याच्याबद्दल नोंद आहे की त्याला दिवसाला एक लाख दीनार वेतन होतं. (साहित्याच्या प्राध्यापकांनी इथे एक सुस्कारा सोडायला हरकत नाही.) या उद्भटाच्या अलंकारग्रंथात दृष्टांत येतो, पण नाव आहे 'काव्यदृष्टांत'. मागे 'काव्य' का लावलं? कारण नुसतं 'दृष्टांत' म्हटलं तर त्या काळच्या वाचकाला तर्कशास्त्रच आठवणार. माल तिकडचा आहे, पण आता आपण तो कवितेत वापरतोय, हे नावातच सांगून टाकलं.

पुढे अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याची नीट घडी बसवली. दोन वाक्यं, आणि त्यांच्यात बिंब-प्रतिबिंबाचं नातं. म्हणजे एका वाक्यातली गोष्ट दुसऱ्यात आरशासारखी दिसते, पण दोन्ही एक नाहीत. आणि त्यांना जोडणारा 'जसं-तसं' असा शब्द नसतो. तोपर्यंत ते 'काव्य' हे शेपूट, म्हणजे शेपूट नव्हे, शिंग, गळून पडलं होतं. नुसता 'दृष्टांत' उरला.

इथे काय झालं बघा. तर्कात 'इथेही तसंच आहे' हे मोठ्याने म्हणावं लागत होतं. कवितेत कवी ते म्हणत नाही. ती चौथी पायरी वाचकाने स्वतः चढायची. कवितेची सगळी मजा त्यात आहे. आणि धोकाही त्यातच आहे, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

म्हाताऱ्यांसाठी

आता आपल्याकडे येऊ. तेरावं शतक, यादवांचं राज्य. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतले. पण महाराष्ट्रभर हिंडले आणि बोलले ते मराठीत. लिहिलं काहीच नाही. ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांपुढे प्रश्न आला की आता हे सगळं टिकवायचं कसं. म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' केलं. आणि केशिराजबास, ज्यांना केसोबास म्हणतात, त्यांनी चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत एकत्र केले. त्या ग्रंथाचं नावच 'दृष्टांतपाठ'. त्यात 114 दृष्टांत आहेत.

मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एकाच्या नावात हा शब्द आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. आपण त्याला अलंकारांच्या तक्त्यात शोधत बसतो.

केसोबास स्वतः संस्कृतचे चांगले पंडित होते. 'स्मृतिस्थळ' नावाच्या महानुभाव ग्रंथात त्यांच्याबद्दल एक प्रसंग येतो. केसोबासांनी काही लिहायचं ते संस्कृतात, असा विषय निघाला. तेव्हा पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य त्यांना म्हणाले की नको, संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. दुसऱ्या एका प्रसंगी तर त्यांनी सरळ सांगितलं की तुमचं ते पंडिती संस्कृत मला कळत नाही, मला स्वामींनी मराठीत सांगितलंय, तेच विचारा.

'माझ्या म्हाताऱ्या'. पंथात आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बायका. त्या डोळ्यांसमोर ठेवून मराठीचा एक आद्य ग्रंथ कोणत्या भाषेत लिहायचा हे ठरलं. न्यायसूत्रातली व्याख्या आठवा: साधा माणूस आणि जाणकार यांची समजूत जिथे सारखी. नागदेवाचार्यांना ती ठाऊक होती की नव्हती, यात मी पडत नाही. पण त्यांनी जे केलं ते नेमकं तेच होतं.

दृष्टांतपाठाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक ठिकाणी तीन भाग. आधी सूत्र, म्हणजे चक्रधरांचं छोटंसं वचन. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट त्या वचनाला कशी लागू पडते त्याचा खुलासा. तो खुलासा केसोबासांचा.

त्यातला हत्तीचा दृष्टांत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गावात हत्ती आला, जन्मांध माणसं त्याला चाचपून बघतात. पाय हाताला लागला तो म्हणतो खांबासारखा, कान लागला तो म्हणतो सुपासारखा. ही गोष्ट महानुभावांच्याही कितीतरी आधीची, बौद्धांच्या 'उदान' ग्रंथातही ती आहे. पण सूप आणि खांब! हत्ती सगळ्यांनी पाहिलेला नसेल, पण सुपाने धान्य तर घरोघरी पाखडलं जातं. पुन्हा आपण स्वयंपाकघराच्या आसपासच आलो.

आणि दार्ष्टांतिक म्हणजे काय? नैयायिकांची चौथी पायरीच ती. 'इथेही तसंच आहे, ते असं.' केसोबासांनी ती वाचकावर सोडली नाही, उघड करून दाखवली.

या ग्रंथाच्या नशिबाचा पुढचा भाग मात्र चटका लावणारा आहे. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यातली प्रसिद्ध. सर्वांना कळावं म्हणून सर्वांच्या भाषेत लिहिलेले ग्रंथ, पंथाबाहेरच्या कोणालाच वाचता येऊ नयेत अशा लिपीत बंद झाले. ते कुलूप उघडलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीची किल्ली शोधली तेव्हा. मधली पाचेकशे वर्षं पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्या भाषेत 'दृष्टांतपाठ' नावाचं पुस्तक आहे याचा पत्ता नव्हता.

पण दृष्टांत थांबला नाही. दृष्टांतपाठानंतर थोड्याच वर्षांत, 1290 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. गीतेचे 700 श्लोक, आणि त्यांच्यावर नऊ हजारांच्या आसपास ओव्या. एवढ्या ओव्या कशाने भरल्या? पुष्कळशा दृष्टांतांनी. अर्जुनाचं मन करुणेने विरघळलं हे सांगायचं तर पाण्यात पडलेलं मीठ येतं. ही कथा कशी ऐकावी हे सांगायचं तर चांदण्यातले कोवळे कण टिपणारी चकोराची पिल्लं येतात, आणि कमळाच्या पाकळीला पत्ताही न लागू देता पराग नेणारे भुंगे येतात. परीक्षेच्या भाषेत यातल्या कितीतरी उपमा ठरतील, कारण 'जैसे' हा शब्द आलाय. पण वारकरी कीर्तनात याला दृष्टांतच म्हणतात. बुवा म्हणतात, "यावर एक दृष्टांत सांगतो," आणि मागे बसलेली म्हातारी माणसं सरसावून बसतात. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांचीच ती नातवंडं-पतवंडं.

ऊस, बोटं आणि परक्याचं झाड

आता त्या धोक्याकडे येऊ.

दृष्टांत पटतो कारण तो आपण पाहिलेला असतो. पण दृष्टांत पटला म्हणजे मुद्दा सिद्ध झाला असं नसतं. नैयायिकांना आणि बौद्ध तर्कपंडितांना हे चांगलं माहीत होतं. दिसायला दृष्टांत, पण मुद्द्याला लागू न पडणारा, याला त्यांनी वेगळं नावही दिलं: दृष्टांताभास.

आपल्याकडचा घराघरातला दृष्टांत घ्या. हाताची पाची बोटं सारखी नसतात. खरं आहे ना? कोणीही हात वर करून बघावं. पण हे वाक्य कधी ऐकू येतं? कोणीतरी विचारतं की त्याला जास्त आणि मला कमी का, तेव्हा. बोटांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण चौथी पायरी? माणसांचंही तसंच आहे का? बोटं लहानमोठी असली तरी रक्त सगळ्यांना एकाच हृदयातून जातं, आणि करंगळी चिमटली तर ओरडतं सगळं अंग. तो भाग कोणी सांगत नाही. दृष्टांत अर्ध्यावर कापून हातात दिला जातो.

चौदाव्या शतकातल्या चोखामेळ्यापुढे याहून मोठा प्रश्न होता. जन्मावरून माणूस हलका ठरवणारी व्यवस्था, आणि तिला 'हे असंच असतं' म्हणणारा समाज. पंढरपुरात देवळाच्या आत पाऊल नाही. त्याने उत्तर काय दिलं? शास्त्रार्थ करायला त्याला कोण बसवून घेणार होतं! त्याने दृष्टांत दिले. ऊस वाकडातिकडा असतो, म्हणून त्याच्या रसाला कोणी वाकडा म्हणतं का? धनुष्याची कमान वाकडी, बाण सरळ. नदीचं वळण वाकडं, पाणी नाही. मग वरच्या रंगाला काय भुलता?

या अभंगाची ताकद कशात आहे? तो जी जागा निवडतो ती मंदिरातली नाही, शेतातली आहे. उसाच्या रसाची गोडी ब्राह्मणाच्या जिभेला आणि महाराच्या जिभेला सारखीच. साध्याची आणि जाणकाराची समजूत जिथे सारखी, ती जागा. त्या एका जागेवर चोखोबा समोरच्याला उभं करतो आणि मग चौथी पायरी चढायला लावतो. न शिवणाऱ्यालाही रस गोड लागतो हे नाकारता येत नाही.

आणि दृष्टांत कोण कोणाला देतंय यावरही खूप अवलंबून असतं. शाळेत दृष्टांत अलंकारासाठी हमखास दिला जाणारा तुकोबांचा अभंग घ्या, लहानपण मागणारा. मुंगीला साखर मिळते, हत्तीला अंकुशाचा मार बसतो. महापुरात झाडं वाहून जातात, लव्हाळी टिकतात. तुकोबा हे देवाजवळ स्वतःसाठी मागतात, तेव्हा ती नम्रता असते. हेच उद्या एखाद्या साहेबाने पगारवाढ मागणाऱ्या शिपायाला ऐकवलं तर? शब्द तेच, अलंकार तोच, मार्कही दोनच. पण अर्थ उलटा झाला.

आता माझ्या आजीची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातलं गाव. आजी जेमतेम दुसरीपर्यंत शाळेत गेली. मास्तर घरी येऊन म्हणाले होते की पोरगी हुशार आहे, पुढे शिकवा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एका वाक्यात विषय मिटवला: परक्याच्या अंगणातल्या झाडाला आपण कशाला पाणी घालायचं?

संपलं. यापुढे मास्तर काय बोलणार? परक्याच्या झाडाला कोणी पाणी घालत नाही हे मास्तरांनाही मान्य आणि घरच्यांनाही. समजूत सारखीच. माझ्या आजीची शाळा एका दृष्टांताने सुटली.

ती आयुष्यभर पोथ्या ऐकत राहिली. वाचता यायचं ते अक्षरावर बोट ठेवून. मी कॉलेजात होतो तेव्हा तिने मला हा प्रसंग सांगितला. राग नव्हता, सहज सांगितल्यासारखं. मी चिडलो तर म्हणाली, "अरे, तेव्हा मला सुचलंच नाही. पोरगी म्हणजे झाड कुठं असती? झाड हलत न्हाई. म्या तर धा वेळा म्हायेराला आले, आईच्या आजारपणात मीच उशाशी होते. झाडानं केलं असतं का हे?"

तिला सुचायला साठ वर्षं लागली. अलंकाराचं नाव तिला माहीत नव्हतं. तिच्या लेखी दृष्टांत देणारा फक्त खंडोबा. पण तिने जे केलं ते दृष्टांताभास पकडणं होतं. 'इथेही तसंच आहे' या पायरीवर थांबून तिने विचारलं, खरंच तसं आहे का?

चुलीपासून पुस्तकापर्यंत

मग हा शब्द दोन मार्कांचा कधी झाला? त्याची एकच तारीख सांगता येणार नाही. पण एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, इंग्रजी अमदानीतल्या शाळा आल्या, आणि जुन्या कवितेचे वेचे पाठ्यपुस्तकात बसले. परशुरामतात्या गोडबोले यांचं 'नवनीत' 1854 चं. त्यामुळे जुने कवी कितीतरी पिढ्यांना भेटले, हे त्याचं मोठंच ऋण. मात्र कीर्तनात ऐकायची गोष्ट आता बाकावर बसून वाचायची झाली, आणि वाचलेलं कळलं की नाही हे तपासायला परीक्षा आली. परीक्षेला मोजता येईल असं काहीतरी लागतं. अलंकार ओळखा, हे मोजता येतं. केसोबासांच्या तीन भागांपैकी मधल्याचं नाव तेवढं उरलं, आणि दार्ष्टांतिक अभ्यासक्रमातून गळून गेलं.

त्याच काळात, या सगळ्या पुस्तकांपासून लांब, जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणी रचत गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली.

संसार आणि चुलीवरचा तवा हे त्यांचं गाणं माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. आधी हाताला चटके बसतात, मग भाकर मिळते. व्याकरणाच्या पुस्तकात ही उपमा, कारण 'जसा' आहे. पण मला ते गाणं आठवलं की न्यायसूत्रवाल्यांचं महानस आठवतं. पंडितांनी वादासाठी ज्या चुलीचा आधार घेतला, त्या चुलीपाशी प्रत्यक्ष बसलेली बाई सातशे वर्षांनी... नाही, त्याहून कितीतरी अधिक वर्षांनी, स्वतःच बोलू लागली. नागदेवाचार्यांनी ज्या म्हाताऱ्यांसाठी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्यातलीच एक आता पाठ्यपुस्तकात आहे आणि तिच्या ओळींतले अलंकार आपण ओळखतोय.

मग ही पारिभाषिक नावं शिकायचीच नाहीत का? मी असं अजिबात म्हणत नाही. माझ्या आजीला साठ वर्षं लागली, कारण जे घडलं त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. नाव असलं की गोष्ट पकडता येते. कोणीतरी टीव्हीवर म्हणतं, देश म्हणजे एक कुटुंब. कोणी म्हणतं, कंपनी म्हणजे एक जहाज. कोणी म्हणतं, नासका आंबा आढीतून काढलाच पाहिजे. तिथल्या तिथे मनात यायला हवं: अरे, हा दृष्टांत आहे. किंवा रूपक आहे, जे असेल ते. आंब्याबद्दल म्हणतोय ते खरं आहे. पण ज्याच्याबद्दल चाललंय तो आंबा आहे की माणूस? एवढं विचारता आलं तर तो शब्द दोन मार्कांपेक्षा बराच जास्त कामाचा आहे.

दुसऱ्या दिवशी पेपर झाल्यावर मी भाचीला फोन केला. दृष्टांत आला होता, तिने बरोबर ओळखला होता. मी तिला पणजीची गोष्ट सांगितली, परक्याच्या अंगणातल्या झाडाची. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, पण समजा मुलगी झाड असती, तरी पाणी घालायला काय झालं होतं?"

हे मला सुचलं नव्हतं. आजीलाही नाही. आम्ही दोघं मुलगी झाड आहे की नाही यातच अडकलो होतो. झाड परक्याचं असलं म्हणजे त्याला पाणी घालायचं नाही, ही गोष्ट आम्ही न तपासताच मान्य करून टाकली होती. ज्या जागेवर सगळ्यांची समजूत सारखी असते, त्या जागेलाही कधीतरी प्रश्न विचारावा लागतो, हे मला त्या पोरीने शिकवलं.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. जाता जाता एक काम देतो. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, ज्याच्यापुढे कोणी बोलतच नाही असा एखादा दृष्टांत आठवून बघा. तो कोणी कोणाला दिला होता, आणि 'इथेही तसंच आहे' हे खरंच होतं का, तेही लिहून पाठवा. निवडक गोष्टी पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. पुढच्या वेळी 'यमक' आणि बारामतीचे मोरोपंत.

तोपर्यंत, नमस्कार.